जड क्वार्कांचा शोध व आपला त्यातील वाटा

अर्वाचीन विज्ञानाचा इतिहास मराठीत लिहिला जातो तेव्हा तो बहुधा दोन वळणांनी जातो. पहिल्या वळणाचा लेखक सर्व काही परदेशात घडले असे गृहीत धरून आपल्या भाषेकडे केवळ वार्ताहराचे काम सोपवितो. दुसऱ्या वळणाचा लेखक परदेशी यादीत एखादे ओळखीचे आडनाव सापडताच सारा शोधच आपल्या घरी आणून ठेवतो. खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात मराठीतून शास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकाला दोन्ही वळणांचा उपद्रव होतो, कारण वर्गातला विद्यार्थी जेव्हा "यात आपले कोण?" असे विचारतो, तेव्हा पहिला लेखक त्याला निरुत्तर करतो व दुसरा त्याला फसवितो. जड क्वार्कांच्या शोधाचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे. त्यात आपला वाटा निश्चित आहे, तो कागदोपत्री नोंदलेला आहे, आणि तो नेमका केवढा हे सांगणे शक्य आहे. तेवढेच सांगण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम क्वार्क म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. अणूच्या गर्भातील प्रोटॉन व न्यूट्रॉन हे अखेरचे कण नसून तेही आणखी सूक्ष्म घटकांचे बनलेले असावेत, ही कल्पना १९६४ साली मरे गेल-मान व जॉर्ज झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे मांडली. गेल-मान यांनी या घटकांना दिलेले 'क्वार्क' हे नाव जेम्स जॉइस यांच्या कादंबरीतून घेतलेले आहे. साहित्याने पदार्थविज्ञानाला दिलेले हे ऋण आपल्या मंडळींनी लक्षात ठेवावे. पुढे क्वार्कांच्या सहा जाती ठरल्या. त्यांपैकी 'अप' व 'डाउन' या दोन हलक्या जातींवर आपले सर्व दृश्य जग उभे आहे. खानापूरची माती, तिची कौले, ती भाजणारा कुंभार आणि त्याच्या भट्टीतले लाकूड, सर्व या दोन जातींच्या क्वार्कांचे व इलेक्ट्रॉनांचे. तिसरी 'स्ट्रेंज' ही जात विश्वकिरणांत आढळलेल्या कणांवरून कळली. उरलेल्या तीन, म्हणजे 'चार्म', 'बॉटम' आणि 'टॉप', या जड जाती. सभोवतालच्या पदार्थात त्या साठवलेल्या नसतात. प्रचंड ऊर्जेच्या टकरीत त्या जन्मतात आणि क्षणाच्या अत्यल्प अंशात नाहीशा होतात.

जी वस्तू दिसण्यापूर्वीच नाहीशी होते, तिचा इतिहास अर्थातच तिच्या खुणांचा इतिहास असतो. बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. चीर डोळ्याला दिसत नाही, ती नादावरून कळते. मात्र ज्याचा कान तयार आहे त्यालाच कळते, आणि बाजाराच्या गलक्यात तोही चुकू शकतो. जड क्वार्कांच्या शोधात जे काही झाले ते याच प्रकारचे होते. कान तयार करणे आणि गलका मोजणे, या दोन गोष्टींना त्यात यंत्राइतकेच महत्त्व होते.

चार्म क्वार्काची वार्ता ११ नोव्हेंबर १९७४ रोजी जाहीर झाली. अमेरिकेत ब्रुकहेव्हन येथे सॅम्युएल टिंग यांच्या गटाने व स्टॅनफर्ड येथे बर्टन रिक्टर यांच्या गटाने एकच कण दोन निराळ्या रीतींनी पकडला होता. टिंग यांनी प्रोटॉनांचा झोत स्थिर लक्ष्यावर आदळविला होता. रिक्टर यांच्या यंत्रात इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन हे समोरासमोर धावून एकमेकांवर आदळत होते. एकाने कणाला 'जे' म्हटले, दुसऱ्याने 'साय'. दोघेही हट्टी असल्यामुळे तो आजतागायत 'जे-साय' असा जोडनावाने वावरतो. या कणात चार्म क्वार्क व त्याचा प्रतिक्वार्क एकत्र बांधलेले असतात. त्याचे वस्तुमान ३.१ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. (एक अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे ढोबळ मानाने एका प्रोटॉनचे वस्तुमान.) तीन वर्षांनी, १९७७ साली, लिऑन लेडरमन यांच्या गटाने शिकागोजवळील फर्मी प्रयोगशाळेत सुमारे ९.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टांचा 'अप्सिलॉन' हा कण शोधला आणि त्यातून बॉटम क्वार्क प्रकट झाला. जपानच्या कोबायाशी व मास्कावा यांनी १९७३ सालीच सहा क्वार्कांची आवश्यकता सांगून ठेवली होती. बॉटमला जोडीदार हवा, तो जोडीदार टॉप, आणि तो लवकरच सापडेल, अशी सर्वांची समजूत झाली.

ती समजूत खोटी ठरली. चार्मचे वस्तुमान सुमारे दीड, बॉटमचे सुमारे साडेचार. म्हणून टॉपचे पंधराच्या आसपास असावे असा त्रैराशिकी अंदाज तेव्हा केला जात असे. हॅम्बुर्गच्या 'पेट्रा' या यंत्राने तेवीसपर्यंत शोध घेतला, टॉप नव्हता. जपानच्या 'ट्रिस्टन' या यंत्राने तीसच्या जवळ मजल नेली, तेथेही नव्हता. बॉटमपासून टॉपपर्यंत एकूण अठरा वर्षे गेली, आणि आपल्या विषयाशी सर्वांत निकट असलेले प्रकरण याच अठरा वर्षांतले आहे.

१९८३ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकाच्या पन्नासाव्या खंडात तीन लेखकांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांपैकी रोहिणी गोडबोले या तेव्हा मुंबई विद्यापीठात अध्यापन करीत होत्या, संदीप पाक्वासा हवाई विद्यापीठात होते, आणि डी. पी. रॉय मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. जिनिव्हाजवळील 'सर्न' या युरोपीय प्रयोगशाळेत प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन यांच्या टकरी १९८१ पासून सुरू झाल्या होत्या. अशा टकरींच्या पसाऱ्यात टॉप जन्मलाच तर तो ओळखावा कसा, हा निबंधाचा विषय होता.

अडचण अशी होती. जड क्वार्काचा क्षय होताना कित्येकदा इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन बाहेर पडतो. या दोहोंना लेप्टॉन म्हणतात. पसाऱ्यात लेप्टॉन ओळखणे त्यातल्या त्यात सोपे. परंतु लेप्टॉन सापडला म्हणजे टॉप सापडला असे होत नाही, कारण बॉटम व चार्म यांच्या क्षयातूनही लेप्टॉनच येतात, आणि ते संख्येने फार अधिक. मग टॉपचा लेप्टॉन वेगळा कसा काढावा? उत्तर असे दिले गेले की लेप्टॉनच्या भोवती पाहावे. बॉटम हा आपल्या वस्तुमानाच्या मानाने फार मोठ्या ऊर्जेने धावत असतो. त्यामुळे त्याच्या क्षयातून निघालेले सर्व कण एकाच दिशेला दाटीने जातात व लेप्टॉन त्या झोतातच गुरफटलेला राहतो. टॉप मात्र जड, म्हणून त्या मानाने मंद. त्याच्या क्षयातील कण मोठ्या कोनांत विखुरतात आणि लेप्टॉन इतरांपासून सुटा पडतो. वारीच्या दिंडीतून चालणारा वारकरी आणि मोकळ्या माळावर एकटा उभा असलेला वाटसरू यांच्यात जो फरक, तोच या दोन लेप्टॉनांत. दोघांचा वेष सारखाच. ओळख पटते ती आजूबाजूच्या गर्दीवरून, किंवा गर्दीच्या अभावावरून. माळावरचा एकटा लेप्टॉन शोधावा, हा त्या निबंधाचा सांगावा.

ही युक्ती ऐकल्यावर सोपी वाटते. परंतु असा सोपेपणा कोणी तरी प्रथम सांगावा लागतो, आणि तो आकडेमोडीने सिद्ध करून सांगावा लागतो. तिघांनी ते केले. तिघांपैकी एकीविषयी येथे थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण ती आपल्या भाषेतली. रोहिणी गोडबोले यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९५२ रोजी पुण्यात झाला. मुलींच्या ज्या शाळेत त्या शिकल्या, तेथे खालच्या वर्गांत शास्त्राऐवजी गृहशास्त्र शिकविले जाई, हे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. पुण्याचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय, मुंबईची तंत्रविद्या संस्था, १९७९ साली अमेरिकेत स्टोनी ब्रुक येथे डॉक्टरेट, आणि मग परत मुंबई, असा त्यांचा पुढचा मार्ग आहे. निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्या तिशीच्या होत्या. १९९५ साली त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. गृहशास्त्राच्या वर्गापासून टॉप क्वार्कापर्यंतचे हे अंतर ज्या शिक्षकाला खरोखर मोजता येईल, त्याने ते आपल्या वर्गात अवश्य सांगावे.

आता दुसऱ्या वळणाचा लेखक पुढे सरसावेल आणि म्हणेल की टॉपची गुरुकिल्ली मुंबईत सापडली होती. त्याला येथेच थांबविले पाहिजे. कारण पुढच्याच वर्षी, म्हणजे १९८४ साली, सर्नमधील 'यूए-वन' या प्रयोगाने टॉप सापडल्याचे जाहीर केले. कार्लो रुबिया हे त्याचे प्रमुख. त्याच वर्षी डब्ल्यू व झेड या कणांच्या शोधाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळावयाचे होते. जाहीर झालेले वस्तुमान तीस ते पन्नास अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टांच्या दरम्यान होते, आणि आधाराला होत्या बोटांवर मोजण्याइतक्या घटना, ज्यांत सुटा लेप्टॉन होता! खूण बरोबर होती, निष्कर्ष चुकला. डब्ल्यू कणाबरोबर इतर झोत निघाले तरी तेथे सुटा लेप्टॉन दिसतो. बॉटमच्या क्षयातूनही क्वचित तसा दिसतो. अशा खोट्या घटना किती असतील याचा हिशोब कमी धरला गेला होता. १९८८ पर्यंत अधिक माहिती गोळा झाली तेव्हा तो टॉप विरून गेला, आणि चव्वेचाळीसच्या खाली टॉप नाही एवढेच म्हणता आले.

हा दोष साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तेव्हा त्यांच्यापुढे मूलतः हाच प्रश्न होता. मूळ ग्रंथकाराची ओवी आणि मागून घुसलेली ओवी यांचा छंद एक, भाषा जवळजवळ एक. प्रक्षेप किती व कसे होतात याचा अंदाज ज्याने बांधला नाही, तो पाठभेदाच्या प्रत्येक जागी मूळ पाठ सापडल्याचे सांगेल. यूए-वनच्या विद्वानांचे असेच झाले. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही, घाईविषयी आहे.

खरा टॉप २ मार्च १९९५ रोजी फर्मी प्रयोगशाळेत जाहीर झाला. तेथील 'टेव्हाट्रॉन' या यंत्रात प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन १८०० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टांच्या ऊर्जेने एकमेकांवर आदळत. त्याच्या दोन टक्करस्थळी दोन स्वतंत्र प्रयोग उभे होते, 'सीडीएफ' आणि 'डी-झीरो', आणि दोघांनी एकाच दिवशी घोषणा केली. टॉपची एक जोडी जन्मण्यासाठी सुमारे दहा अब्ज टकरी व्हाव्या लागत. डी-झीरोच्या हाती अखेर सतरा घटना उरल्या. टॉप नसताच तर तशा ३.८ घटना अपेक्षित होत्या. यूए-वनच्या चुकीतून झालेले शिक्षण या दुसऱ्या आकड्यात आहे, आणि आमच्या मते या साऱ्या इतिहासात त्याच्याइतका बोलका आकडा दुसरा नाही. त्याच्याही मागेपुढे किती चूक संभवते हे त्या निबंधात लिहिलेले आहे. सीडीएफने वस्तुमान १७६ सांगितले, डी-झीरोने १९९. दोहोंच्या चुकीच्या मर्यादा रुंद होत्या. आजचे मान १७२.५ च्या आसपास आहे. म्हणजे ज्याला आपण मूलकण म्हणतो तो एकटा कण टंगस्टनच्या सबंध अणूइतका जड निघाला. तो डब्ल्यू कणाहूनही जड असल्यामुळे त्याचा क्षय डब्ल्यू व बॉटम यांत होतो, आणि डब्ल्यूमधून निघणारा लेप्टॉन सुटा असतो. १९८३ साली जे वस्तुमान डोळ्यांपुढे होते त्याच्या कितीतरी पलीकडे टॉप सापडला. पण खूण कामास आली. बारा वर्षांपूर्वीच्या निबंधाचे श्रेय एवढे आहे, आणि ते पुरेसे मोठे आहे.

डी-झीरोच्या निबंधावर सुमारे चारशे लेखकांची नावे आहेत. त्यांत मुंबईच्या टाटा संस्थेचा, दिल्ली विद्यापीठाचा व चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाचा गट आहे. टाटा संस्थेच्या गटाची पूर्वपीठिका मात्र आमच्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कोलारच्या सोन्याच्या खाणीत सापडते. विश्वकिरणांचा अभ्यास करण्यासाठी त्या संस्थेने तेथे जमिनीच्या पोटात यंत्रे मांडली होती, आणि १९६५ साली दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर वातावरणातील न्यूट्रिनोंची खूण तेथे मिळाली. त्या कामात जपानमधील ओसाका व इंग्लंडमधील डरहॅम येथील मंडळी सहभागी होती. क्वचित येणाऱ्या एका खऱ्या घटनेसाठी महिनोन् महिने खोट्या घटनांची मोजदाद करीत बसण्याची विद्या त्या अंधारात शिकली गेली. तेथे काम केलेले नबा मंडल पुढे डी-झीरोत गेले. कोलारची खाण २००१ साली बंद पडली. सोने संपत आले, पण ती विद्या त्यापूर्वीच अन्यत्र गेली होती.

चारशे नावांचा लेखक कोण, असा प्रश्न आपल्या परिषदेच्या सभासदांना पडणे साहजिक आहे. नावे वर्णानुक्रमाने छापतात; आधी कोणी विचार केला, तार कोणी ओढली, रात्रपाळी कोणी केली, हे यादीवरून कळत नाही. ही रीत पुढे वाढतच गेली. २०१५ साली सर्नच्या दोन प्रयोगांनी मिळून हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्याला ५,१५४ लेखक होते, आणि तेहतीस पानांपैकी चोवीस पाने नावांनी व संस्थांनी भरली होती. याला काही जण चेष्टेने हसतात. आम्हांला मात्र जात्यावरच्या ओव्या आठवतात. त्यांची रचना अनेक बायकांच्या तोंडून अनेक पिढ्यांत झाली, आणि एकीचेही नाव टिकले नाही. येथे उलट, प्रत्येकाचे नाव टिकले आणि कोणाचे काय ते टिकले नाही. इतिहासकाराला दोन्हीकडे सारखीच अडचण. म्हणूनच ज्या ठिकाणी विशिष्ट कल्पना विशिष्ट तीन नावांशी बांधलेली सापडते, त्या १९८३ च्या निबंधासारख्या जागा त्याने जपून ठेवाव्यात.

पुढची हकीकत थोडक्यात आटोपू. सर्नमधील इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रावर १९८९ ते २००० या काळात 'एल-थ्री' नावाचा प्रयोग चालला, त्यात टाटा संस्थेचा गट होता. त्या यंत्रावरच्या सूक्ष्म मोजमापांवरून टॉपचे वस्तुमान १७० च्या आसपास असावे असा अंदाज, टॉप दिसण्यापूर्वीच, बांधला गेला होता. जपानमधील 'बेले' व तिचा नवा अवतार 'बेले-टू' हे बॉटमच्या अभ्यासाचे प्रयोग. बेले-टूच्या गाभ्यातील सिलिकॉन यंत्रणेचा चौथा थर टाटा संस्थेच्या गटाने बांधला. सर्नच्या आजच्या महायंत्रावरील 'सीएमएस' प्रयोगात ऊर्जा मोजणाऱ्या यंत्रणेचा बाहेरचा भाग टाटा संस्था व पंजाब विद्यापीठ यांनी तयार केला, आणि त्याच प्रयोगासाठी सिलिकॉनच्या पट्ट्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात घडल्या.

मुंबई आणि बंगळूर ही दोन नावे या हकीकतीत पुनःपुन्हा येतात, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. टाटा संस्था स्वतः जून १९४५ मध्ये बंगळुरात सुरू झाली व त्याच वर्षी मुंबईस आली. गोडबोले पुण्या-मुंबईहून बंगळुरास गेल्या. या दोन टोकांना जोडणारा जुना लोहमार्ग मिरज, बेळगाव, खानापूर, लोंढा असाच जातो. आमचे गाव या इतिहासात कोठेही नाही. पण ज्या वाटेवरून तो गेला त्या वाटेवर ते आहे, आणि आपल्या विद्यार्थ्याला भूगोलाच्या नकाशावर बोट ठेवून एवढे दाखविता येते.

गोडबोले यांचे नाव आणखी एका ठिकाणी कायमचे राहिले. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरीत दोहोंकडून निघालेले प्रकाशकणच एकमेकांवर आदळून नको असलेल्या कणांचा गलका कसा उठवितात, हे त्यांनी जर्मन शास्त्रज्ञ मानुएल ड्रेस यांच्याबरोबर दाखविले, आणि त्यास 'ड्रेस-गोडबोले परिणाम' असे नाव पडले. नव्या टक्करयंत्रांचे आराखडे करताना तो हिशोबात धरावा लागतो. हेही पुन्हा गलका मोजण्याचेच काम. उत्तरायुष्यात त्यांनी टॉपच्या ध्रुवणाचा विचार केला. टॉप इतका अल्पायुषी की इतर क्वार्कांशी बांधला जाण्यापूर्वीच त्याचा क्षय होतो. त्यामुळे आपल्या भोवऱ्याची दिशा तो जशीच्या तशी आपल्या अपत्यांना, विशेषतः लेप्टॉनला, देऊन जातो. कोणत्या दिशेला लेप्टॉन अधिक जातात हे मोजले की मेलेल्या टॉपची फिरकी कळते. २०२४ च्या सप्टेंबरात सर्नच्या 'अ‍ॅटलास' प्रयोगाने 'नेचर' नियतकालिकात असे प्रसिद्ध केले की एकत्र जन्मलेल्या टॉप व प्रतिटॉप यांच्या फिरकी परस्परांत गुंतलेल्या असतात. सीएमएसनेही त्याच वर्षी तसे दाखविले. दोन्हीकडे प्रत्यक्ष मोजले गेले ते दोन लेप्टॉनांच्या दिशांमधील कोन.